गजाला राळ लावताना



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे मोठमोठे विषय मांडले जातात. त्यांच्या पंक्तीला व्हायोलिनच्या गजाला राळ लावण्याचा विषय बसवणे काहींना धाडसाचे वाटेल. विषय लहान आहे हे मला मान्य आहे. परंतु ज्या घरात मुलासाठी नवे व्हायोलिन आले आहे, त्या घरात ते वाद्य वाजत राहणार की कपाटावर जाऊन बसणार, याचा निकाल पुष्कळदा याच लहान गोष्टीवर लागतो.

आपले बेसा एके काळी नागपूरच्या दक्षिणेस असलेले शेतशिवाराचे गाव होते. आज येथे इमारतींच्या रांगा उभ्या आहेत आणि आपल्या मुलांना एखादी कला यावी ही हौस घरोघर आहे. समजा, अशाच एका घरी नवे व्हायोलिन आले. सारे कुटुंब भोवती जमले. मुलीने गज उचलून तारेवर ओढला, तो आवाजच नाही! फार तर कागदावर कागद घासल्यासारखी कुजबुज. वडील म्हणतात, दुकानदाराने फसवले. शेजारचे काका म्हणतात, मुलीचा हात या वाद्याचा नाही. दोघांचेही निदान चुकीचे आहे. दुकानदार बिचारा प्रामाणिक आहे आणि मुलीच्या हाताची तर अजून परीक्षाच झालेली नाही. गज कोरा आहे, एवढेच.

गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले असतात. नुसता केस तारेवरून घसरून जातो. तारेला धरून ठेवील असे काही तरी त्याला लागते, आणि ते काम राळ करते. चिडाच्या झाडाला खाच पाडली की चिकट चीक गळतो. आपल्याकडे हिमालयाच्या उतारांवरील जंगलांतून तो गोळा करतात. त्यातून ऊर्ध्वपातनाने टर्पेंटाइन काढून घेतले की मागे जो काचेसारखा ठिसूळ पदार्थ उरतो, तीच ही राळ. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर डाख देताना हीच वापरतो. सारंगियाच्या गजालाही राळ लागतेच. म्हणजे ही काही विलायती वाद्याची नखरेल गरज नव्हे. गजाने वाजणाऱ्या वाद्यांची ती जुनीच गरज आहे.

आता राळ करते काय? राळेची धूळ लागलेला केस तारेला पकडतो आणि आपल्याबरोबर थोडा ओढून नेतो. ताण वाढला की तार निसटते, मागे येते आणि पुन्हा पकडली जाते. सेकंदाला ४४० कंपने होणारी तार घेतली, तर हा पकडण्या-निसटण्याचा खेळ सेकंदाला ४४० वेळा चालतो. पकड घट्ट आणि निसटणे सहज, हे दोन्ही गुण एकाच वेळी लागतात. राळेत ते आहेत. तेल लावले तर पकडच राहणार नाही आणि डिंक लावला तर निसटणे राहणार नाही.

या शास्त्राशी आपल्या नागपूरचाही दूरचा ऋणानुबंध आहे. चंद्रशेखर वेंकट रामन हे सरकारी अर्थखात्यात अधिकारी असताना १९१०च्या सुमारास काही काळ नागपुरात नेमणुकीवर होते. पुढे कलकत्त्यास त्यांनी गजाने वाजणाऱ्या तारांचा सखोल अभ्यास केला आणि १९१८ साली त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. व्हायोलिन वाजवणारे एक यंत्रही त्यांनी बनविले होते. त्यात गज स्थिर असे आणि व्हायोलिन पुढेमागे सरके! स्वर नीट उमटण्यासाठी गजाचा निदान किती दाब हवा, हे त्यांनी मोजून पाहिले. प्रकाशाच्या संशोधनासाठी १९३० साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या पुरुषाला गजाचे घर्षण किरकोळ वाटले नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. पहिल्या खेपेस हे काम घरातील मोठ्या माणसाने करावे. गजाच्या मुठीशी असलेला स्क्रू फिरवून केस ताणावेत. काठी आणि केस यांच्या मध्यभागी पेन्सिल जाईल एवढे अंतर पुरे. केसांना बोट लावू नये, कारण हाताचा तेलकटपणा लागला की तेथे राळ धरत नाही. राळेची नवी वडी गुळगुळीत असते, तीवरून केस नुसता सरकतो. म्हणून बारीक काचकागदाने तिचा वरचा भाग किंचित खरवडावा. मग वडी डाव्या हातात धरून गज मुठीपासून टोकापर्यंत तीवरून संथपणे, सपाट ओढावा. घाई केली तर वडी तापते आणि राळ नीट बसत नाही. कोऱ्या गजाला असे तीस-चाळीस वेळा तरी करावे लागते. मधूनमधून तारेवर ओढून पाहावे. वडी हातात फिरवीत राहावी, नाही तर एकाच जागी खाच पडते.

एकदा गज तयार झाला की पुढे रियाजापूर्वी चार-पाच हात पुरतात. रोज लागतीलच असेही नाही. येथे दुसरी चूक होते. राळेने आवाज आला, तर जास्त राळेने जास्त आवाज येईल, असे नवशिक्याला वाटते. तसे होत नाही. स्वर खरखरीत होतो आणि वाद्यावर पांढरी धूळ बसते. वाजवून झाल्यावर ती कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, कारण राहिली तर रोगणावर चिकटून बसते. स्पिरिट मात्र लावू नये. त्याने रोगणच उतरते.

आपल्या वैशाखाचाही विचार केला पाहिजे. नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बंद मोटारीत त्याहून पुष्कळ अधिक तापते. तेथे विसरलेली वडी मऊ होऊन कापडाला चिकटते. कोरड्या हवेत केसही आखडतात, म्हणून वाजवून झाले की गज सैल करून ठेवावा, नाही तर काठीवर ताण येतो. गडद रंगाची राळ बहुधा मऊ असते आणि फिकट रंगाची कठीण. आपल्या उन्हाळ्याला कठीणच बरी.

कोणी विचारील, एवढ्या खटाटोपाचे संगीताशी नाते काय? आपल्याकडे व्हायोलिनला गळ्यामागून जायचे असते. गजाननबुवा जोशी स्वतः ख्यालगायक आणि व्हायोलिनवादकही होते. वाईस जन्मलेल्या वि. गो. जोगांनी हे वाद्य मैफलीत मानाने बसविले. आपल्या संगीतात मींड घेताना बोट तारेवरून सरकत असते आणि त्या सबंध काळात गजाची पकड अखंड राहावी लागते. ती मध्येच सुटली की मींड तुटते. नवशिक्याला वाटते, आपले बोट चुकले; पुष्कळदा गजच तेथे कोरा असतो.

म्हणून पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाला हात नाही, कान नाही, असा निवाडा देण्यापूर्वी साधन तयार आहे की नाही ते पाहा. लहान मूल स्वतःची बाजू मांडू शकत नाही. मोठ्यांनी 'जमत नाही' म्हटले की ते खरे मानून वाद्य खाली ठेवते. पुष्कळांचे संगीत असे पहिल्या आठवड्यातच संपले असेल. राळेची वडी लहानशी असते, पण नीट वापरली तर वर्षानुवर्षे पुरते. तेवढा धीर आपणही मुलांसाठी राखला पाहिजे.