यजमान, पाहुणा आणि आईच्या ओव्या

मुलुंडच्या आमच्या घरीं एक जुना आयपॉड आहे. २००१ सालीं निघालेली ही वाद्यपेटिका २०२२ सालीं बंद झाली. पण आमच्या पेटिकेंत कैलासवासी मातोश्रींच्या आवाजांतील ओव्या आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती.

तींत आणखी गाणीं भरावयाचीं होतीं. माझा संगणक लिनक्सवर चालतो. आयट्यून्स लिनक्सवर चालत नाहीं. म्हणून व्हर्च्युअलबॉक्सच्या साह्यानें संगणकाच्या पोटांत विंडोजचा दुसरा, आभासी संगणक उभा केला. बाहेरचा तो यजमान, आंतला तो पाहुणा.

आयपॉड जोडला. यजमानास दिसला, पाहुण्यास दिसेना! कारण, यूएसबीनें जोडलेली वस्तु एका वेळीं एकाच्याच ताब्यांत राहते. ती पाहुण्याकडे जावी म्हणून व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी फिल्टरमध्यें तिची नोंद करावी, व लिनक्सवरील आपलें खातें 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटांत घालावें. एवढें करून संगणक पुन्हां सुरू केला, आणि काम झालें.

खरा धोका पुढेंच होता. नव्या आयट्यून्सचा संग्रह रिकामा. मेळ घालण्यापूर्वीं त्यानें विचारलें, आयपॉडमधील गाणीं पुसूं काय? मी नकार दिला. आयपॉड यजमानाकडे परत घेऊन त्यांतील लपविलेल्या 'आयपॉड कंट्रोल' कप्प्यांतलीं गाणीं प्रथम उतरवून घेतलीं. तेथें फायलींचीं नांवें चार निरर्थक अक्षरांचीं असतात. ओव्या एकेक ऐकूनच ओळखाव्या लागल्या. ती रात्र त्यांतच सरली.

तेव्हां आधीं प्रत, मग मेळ.