कवेलू फेरताना

कालिदासाच्या यक्षानं रामगिरीवरून मेघाला विनवलं, की जा. तो रामगिरी म्हणजे आमचं रामटेकच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडलं आणि आम्हा रामटेककरांना ते केव्हाच पटलेलं आहे. 2018 सालच्या जूनमध्ये, दुसऱ्या शनिवारी, त्याच गडाच्या पायथ्याशी घराच्या छपरावर बसून मीही मेघाला विनवत होतो. फक्त माझी विनवणी होती, की बाबा रे, दोन दिवस येऊ नको.

नोकरी नागपूरला आणि आई रामटेकला, असं आमचं होतं. घर जुनं, देशी कवेलूचं. अशा घराचे कवेलू पावसाआधी फेरावेच लागतात. वर्षभरात पालापाचोळा साचतो, आणि गडावरची वानरं छपरावरून अशी उड्या मारतात, की विचारू नका. रामाच्या गावात वानरावर दगड तरी कोण उचलणार? फेरणारे जुने कारागीर थकले. त्यांची मुलं सेंट्रिंगच्या कामावर जातात. ज्याला विचारलं तो म्हणे, ‘‘भाऊ, टिन टाकून घ्या.’’ आईला टिन नको. मे महिन्यात टिनाखाली बसवत नाही आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही. तिला तसंही कमीच ऐकू येतं. मग म्हटलं, शनिवार-रविवार आहे, आपणच फेरू. लहानपणी बाबांच्या हाताखाली कवेलू झेलले होतेच की!

झेलणं वेगळं आणि बसवणं वेगळं, हे दुपारपर्यंत कळलं. सकाळच्या उत्साहात मी छपराची एक अख्खी बाजू उघडी केली. खाली अंगणात कवेलूंचा ढीग, वर नुसत्या कमच्या आणि वासे. काही वासे वाळवीनं पोकळ केलेले. त्यातल्या एकावर पाय पडला नि मी कमरेपर्यंत घरात उतरलो. खरचटलं तेवढंच. आई शांतपणे म्हणाली, ‘‘तुझे बाबा एका वेळी एकच पट्टा उघडत. तो झाकला की दुसरा.’’

‘‘मग आधी काऊन नाही सांगितलं?’’

‘‘तू विचारलं कुठं?’’

देशी कवेलू कुंभाराच्या चाकावर होतो. एका बाजूला निमुळती अशी नळी काढायची आणि उभी चिरून तिचे दोन कवेलू करायचे. म्हणून त्याचं एक तोंड रुंद, दुसरं अरुंद. खालच्या थरात, जिथून पाणी वाहतं, तिथं रुंद तोंड वर राहिलं पाहिजे. वरच्या झाकणाच्या थरात ते खाली. मी दोन्ही थर एकसारखेच लावत सुटलो होतो. रविवारी सकाळी मोठ्या ऐटीत वरून एक बादली पाणी ओतून पाहिलं. ते थेट आईच्या पलंगावर! पुन्हा सगळं काढलं. काढता-घालता आणखी फुटले. कामापेक्षा फुटीचाच वेग जास्त होता.

चारच्या सुमाराला अंबाळ्याच्या बाजूनं आभाळ भरून आलं. तोवर तीन पट्टे झाकायचे राहिले होते आणि साबूत कवेलू जेमतेम एका पट्ट्यापुरते. ओळखीच्या कुंभाराला फोन केला. तो हसला. माठ, पणत्या म्हणाल तेवढ्या देतो म्हणाला. कवेलू मागायला कोणी येतच नाही, तर करायचे कोणासाठी? शेजारच्या पोरांनी ताडपत्री ओढून दिली. तिच्यावर विटा ठेवेपर्यंत पाऊस आला. रात्रभर आम्ही मायलेक गंज-पातेली सरकवत बसलो. मला स्वतःचाच इतका राग आला होता, की धड बोलवेना. आई मात्र मधूनच म्हणे, ‘‘इकडून नाही गळत बरं, हे तू चांगलं बसवलं.’’

सोमवारी पहाटेच्या बसनं नागपूरला आलो. पुढच्या शनिवारी नगरधनकडच्या एका पाडलेल्या घराचे जुने कवेलू मिळाले, त्यांत दोन पट्टे झाले. तिसऱ्यावर शेवटी टिनच टाकलं. पाऊस आला की त्या कोपऱ्यात ताशा वाजतो. आईनं तिथला पलंग हलवून कवेलूखाली घेतला आणि टिनाखाली माझी सतरंजी टाकली.