वजन दोघांचे, धाक एकीलाच

(महिला शाखेच्या श्रावणातील सभेत शाखेच्या वतीने केलेले भाषण)



श्रावणातल्या सभेत एरवी आम्ही मंगळागौरीचे खेळ आणि गौरीजेवणाचा बेत यांविषयी बोलतो. आज बोलायचे आहे ते बायकांना विकल्या जाणाऱ्या ‘डाएट’विषयी. आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करायची आहे.

गेल्या गणेशोत्सवात मंडपाशेजारी जे स्टॉल लागले, त्यांत एक वजन कमी करण्याच्या पावडरीचा होता. भाड्याची पावती आमच्या शाखेनेच फाडली. स्टॉलवर वजनकाटा होता. मागच्या फलकावर एकाच बाईचे दोन फोटो होते : डावीकडे जाड आणि रडवेली, उजवीकडे बारीक आणि हसरी. वर लिहिले होते, ‘नवरात्रीपर्यंत दहा किलो कमी’. आपल्या वडोदऱ्यात नवरात्र म्हणजे नऊ रात्री गरबा आणि गरबा म्हणजे चणिया-चोळी. फलक कोणासाठी होता, हे वेगळे सांगायला नको. काट्यावर उभ्या राहिल्या त्या सगळ्या बायका आणि मुली. पुरुष मंडळी शेजारी सेव-उसळीच्या स्टॉलवर होती.

त्या मुलींमध्ये आपल्याच एका सभासदांची अकरावीतली मुलगी होती. साठवलेल्या खाऊच्या पैशांतून तिने एक डबा घेतला. सकाळी पावडर, रात्रीचे जेवण बंद. घरात कोणाला काही वावगे वाटले नाही. उलट, ‘आता कशी छान दिसायला लागलीस’ असे आपल्यातल्याच काकू-मावश्यांनी तिला सांगितले. दसऱ्यानंतर ती कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. तपासणीत हिमोग्लोबिन आठच्याही खाली निघाले. डॉक्टर म्हणाले, रक्त आधीपासूनच कमी असणार, उपासमारीने त्यात भर पडली.

हे सगळे तिच्या आणि तिच्या आईच्या संमतीने सांगत आहोत. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिची आई एवढेच म्हणाली, “हिचा भाऊ हिच्यापेक्षा वीस किलोनं जड आहे. त्याला आम्ही खात्यापित्या घरचा म्हणतो.”

या एका वाक्याने आम्हाला गप्प केले. मग आम्ही थोडे वाचले. आमच्यातल्या एकदोघी आपल्या विद्यापीठातल्या गृहविज्ञान शाखेच्या जुन्या विद्यार्थिनी आहेत. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, 1950 साली सुरू झालेली ही शाखा. त्यांनी आकडे कसे पाहायचे ते दाखवले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळात झाली. तिच्यात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 24 टक्के जादा वजनाच्या किंवा स्थूल आढळल्या, आणि पुरुषांपैकी 22.9 टक्के. म्हणजे फरक जेमतेम एका टक्क्याचा. आता त्याच पाहणीतला दुसरा आकडा पाहा. रक्ताची कमतरता असलेल्या स्त्रिया 57 टक्के, पुरुष 25 टक्के. इथे मात्र दुपटीहून अधिक फरक आहे. जाहिरात खरोखर गरज पाहून होत असती, तर वजनाचा काटा दोघांसमोर ठेवला असता आणि रक्ततपासणीची सुई आधी बाईसमोर. घडते ते उलटे.

हे आपोआप झालेले नाही. आहारपथ्याचे पहिले गाजलेले पुस्तक एका पुरुषाने स्वतःच्या वजनाविषयी लिहिले होते. विल्यम बॅंटिंग हे लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे व्यावसायिक. त्यांची पुस्तिका 1863 साली निघाली. जिना उतरता येत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. सुंदर दिसणे हा विषयच नव्हता.

पुढे 1918 मध्ये लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टरबाईंचे पुस्तक आले. पोळी-भाजी न मोजता कॅलरी मोजायची सवय सामान्य घरांत नेली ती त्यांनी, आणि त्यांच्या वाचक मुख्यतः स्त्रिया होत्या. दिवसाला 1200 कॅलरी हा त्यांचा आकडा शंभर वर्षांनंतर आजही मोबाइलवरच्या डाएट चार्टांत फिरतो आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या, 55 किलो वजनाच्या स्त्रीलाही 1660 कॅलरी लागतात. 1200 म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही जास्त कपात. तुलनेसाठी सांगतो : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा येथे 36 तरुण पुरुषांना सहा महिने रोज सुमारे 1570 कॅलरींवर ठेवले होते. पुरुषाची गरज जास्त असते आणि त्यांना चालवतही पुष्कळ होते, हे खरे. ते अशक्त झाले, चिडचिडे झाले, दिवसरात्र फक्त खाण्याचा विचार करू लागले. त्या प्रयोगाला शास्त्रज्ञांनी उपासमारीचा प्रयोग असेच नाव दिले. बाईला त्याहून कमी दिले की त्याचे नाव ‘हेल्दी लाइफस्टाइल’ होते.

बाजाराची युक्ती ओळखायची असेल तर दोन उदाहरणे पुरेत. 1928 च्या सुमारास अमेरिकेत लकी स्ट्राइक या सिगारेट कंपनीने बायकांना सांगायला सुरुवात केली की, गोड खाण्याऐवजी आमची सिगारेट ओढा, बांधा सडपातळ राहील. मिठाईवाले भडकले, पण सिगारेटचा खप वाढला. दुसरे उदाहरण अलीकडचे. कोका-कोला कंपनीने 1963 मध्ये ‘टॅब’ आणि 1982 मध्ये ‘डाएट कोक’ आणले. पण ‘डाएट’ हा शब्द बायकी ठरल्यामुळे पुरुष गिऱ्हाईक तो डबा हातात घ्यायला कचरत होता. म्हणून 2005 मध्ये ‘कोक झिरो’ आला आणि पुढे त्याला काळ्या डब्याचा रुबाब मिळाला. साखर यातही नाही, त्यातही नाही. 2011 मध्ये ‘डॉ. पेपर टेन’ या पेयाने तर हे बायकांसाठी नाही, अशीच जाहिरात केली. म्हणजे पेय जवळपास तेच, पण बाईला ते लाज दाखवून विकायचे आणि पुरुषाला मर्दानगी दाखवून.

आपल्याकडच्या जाहिराती जरा निराळ्या वाटेने जातात. एका जाहिरातीत आई मुलाच्या पोळीवर तूप वाढते, सगळ्यांना आग्रह करते. पुढच्याच जाहिरातीत तीच आई जुनी जीन्स होत नाही म्हणून खंतावते आणि वाटीभर कोरडे सीरियल खाते. घराला खाऊ घालणे तिचे काम आणि स्वतः न खाणेही तिचेच काम. पुरुषाला प्रोटीनचा डबा विकतात तो ताकद वाढवायला, आणि बाईला विकतात तो कमी व्हायला.

पंधरा दिवसांत तीन किलो, या दाव्यामागचे गणितही समजून घ्या. पोळी, भात एकदम बंद केले की शरीर साठवलेली साखर वापरते. त्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते, तेही जाते. काटा खाली येतो, चरबी मात्र फारशी हललेली नसते. पूर्ववत जेवू लागलो की पाणी परत येते, आणि दोष डब्याला न लागता आपल्या जिभेला लागतो. मग दुसरा डबा.

कायदा अगदीच गप्प नाही. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानुसार ज्या विकारांवरच्या औषधांची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत स्थूलपणा आहे. पण पावडर औषध म्हणून विकली जात नाही, खाद्यपदार्थ म्हणून विकली जाते, आणि पळवाट तिथे मिळते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2022 मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वेही काढली आहेत. अशा जाहिरातीची तक्रार तिथे कोणालाही करता येते.

पण मैत्रिणींनो, सगळे खापर बाजारावर फोडून मोकळे होता येणार नाही. बाजार विकतो ती भीती आपण घरातच तयार करून ठेवतो. ‘चवळीच्या शेंगेसारखी’ ही आपली कौतुकाची भाषा. आपल्या मंडळाच्या वधू-वर मेळाव्याचा अर्ज काढून बघा. मुलीच्या अर्जात उंची, वर्ण आणि बांधा, मुलाच्या अर्जात शिक्षण आणि उत्पन्न. महाप्रसादाला पुरुषांची पंगत आधी आणि वाढणाऱ्या बायकांची शेवटी, तोवर उसळ तळाला गेलेली. आधीच उरलेसुरले खाणाऱ्या बाईला आपण आणखी कमी खायला सांगणाऱ्याची पावती फाडली. ही आमची चूक आहे आणि ती आम्ही या सभेत मान्य करतो.

गैरसमज नको. मधुमेह, गुडघेदुखी, रक्तदाब यांसाठी वजन उतरवावे लागते, आणि ते डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने जरूर उतरवावे, काकांनी आणि काकूंनीही. आमचा विरोध त्याला नाही. लाज विकण्याला आहे.

म्हणून शाखेतर्फे चार गोष्टी मांडतो. पहिली, वजन कमी करणाऱ्या उत्पादनांना येत्या उत्सवात स्टॉल नाही आणि स्मरणिकेत जाहिरातही नाही. भाड्याची जी तूट येईल ती शाखा लाडू-चकलीच्या विक्रीतून भरून काढील. दुसरी, वधू-वर अर्जातून वर्ण आणि बांधा हे रकाने वगळावेत आणि दोघांचा अर्ज एकसारखा असावा. तिसरी, उत्सवातल्या एका सकाळी हिमोग्लोबिन तपासणी ठेवावी, मुली-बायकांची आधी. चौथी, महाप्रसादाला एकच मिश्र पंगत, आणि वाढायला तरुण मुले.

घरी करण्यासारखेही थोडे आहे. स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला 19. म्हणजे या बाबतीत तिचे ताट त्याच्यापेक्षा भरलेले हवे. उसळीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला, कारण चहा लोहाला अडवतो. अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीने खायचे, असा काही नियम नाही.

ती मुलगी आता बरी आहे. गोळ्या चालू आहेत, अभ्यास चालू आहे. परवा अथर्वशीर्षाच्या सरावाला आली होती. नंतर खिरापत वाटताना तिने विचारले, “काकू, मी दोनदा घेतली तर चालेल ना?”

हा प्रश्न तिच्या भावाला कधी पडला नसेल. तिलाही पडू नये, एवढेच या वर्षी बाप्पाकडे मागणे आहे. बाकीचे काम आपले आहे.

गणपती बाप्पा मोरया!