घाटांतील जुनी डिझेल मोटार : इंजिनाची थरथर व क्लचची झीज



पुण्याहून किंवा मुंबईहून लोणावळ्यास जाणारा मनुष्य धबधब्यांचा, कार्ल्याच्या लेण्यांचा, लोहगडाचा विचार करीत निघतो. मोटारीचा विचार त्याला बहुधा ती घाटांत अडल्यावरच सुचतो. आज मला जुन्या डिझेल मोटारीच्या दोन तक्रारींविषयीं बोलावयाचें आहे. मोटार उभी असतां इंजिन थरथरतें, ही पहिली; क्लच झिजतो, ही दुसरी. या दोन्ही निराळ्या भासतात. परंतु पुष्कळदां पहिलीच दुसरीला जन्म देते, आणि हें ध्यानांत न आल्यामुळें लोक नवा क्लच बसवितात व वर्षाच्या आंत तोही गमावतात.

बोरघाटांतून गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला, आगगाडी १८६३ सालीं वर आली. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारें साडेपाचशे मीटरांची चढण आहे. आगगाडीला या चढणीसाठीं कर्जतला जादा इंजिनें जोडतात. मोटारीला असा कोणी पाठीराखा नाहीं. तिच्या इंजिनाचें सारें बळ एका क्लचप्लेटीच्या घर्षणावर विसंबून चाकांपर्यंत पोंचतें. पिंपरीच्या कारखान्यांतील इंडिका १९९८ सालीं लोकांपुढें आली व २०१८ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तिच्या आरंभींच्या पिढीच्या साध्या डिझेल मोटारी डोळ्यांपुढें ठेवून मी बोलत आहें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं जें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें, त्याचें तत्त्व असें कीं, हवा इतकी दाबावी कीं तिच्या उष्णतेनेंच तेल पेटावें. अशा जुन्या मोटारींत हवा सुमारें वीस-बावीस पट दाबली जाते. तेव्हां इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पुरेसा दाब, वेळेवर बारीक तुषारांच्या रूपानें येणारें डिझेल, आणि थंडींत थोडी जादा ऊब. चार सिलिंडरांपैकीं एकांत यांतील एक गोष्ट उणी पडली तरी सर्वांची चाल बिघडते. चार भोयांपैकीं एक लंगडूं लागला म्हणजे पालखींतील माणसाला हिसके बसतात, तसेंच हें आहे.

म्हणून पहिला प्रश्न विचारावा : थरथर केव्हां होते? डिसेंबरांतल्या पहांटे मोटार सुरू केल्यावर पांच मिनिटें इंजिन कांपतें, पांढरा धूर सोडतें आणि तापल्यावर शांत होतें, तर एखादा हीटर प्लग मेला आहे असें समजावें. ही दुरुस्ती स्वस्त आहे. इंजिनाचा वेग आपोआप चढत-उतरत असेल, तर डिझेलच्या वाटेंत कोठून तरी हवा शिरते आहे. परतीच्या बारीक रबरी नळ्या, फिल्टर व त्याचे वॉशर पाहावे. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. अशा प्रदेशांत डिझेलच्या फिल्टरांत सांचलेलें पाणी वेळोवेळीं काढून टाकणें विसरूं नये.

इंजिन तापल्यावरही एकाच ठेक्यानें अडखळत असेल, तर जाणता मेकॅनिक एकेका इंजेक्टरची नळी किंचित् सैल करून पाहतो. जी सैल केल्यानें इंजिनाच्या आवाजांत फरक पडत नाहीं, तेंच सिलिंडर आळशी आहे. तेथें काळा धूर असेल तर नोझल ठिबकत असावा. निळा धूर असेल तर ऑइल जळत आहे, आणि मग दाबाची परीक्षा करावी. परंतु सावधान! हा प्रयोग जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनापुरताच, आणि तोही मेकॅनिकच्या हातूनच. नव्या कॉमन रेल इंजिनांत डिझेल हजाराहून अधिक पट वातावरणदाबानें धांवतें. त्याची चिळकांडी कातडी भेदून आंत शिरते. आणखी एक शक्यता आहे : इंजिनाचा आवाज सम असूनही बसणाऱ्याला हादरे जाणवत असतील, तर दोष इंजिनांत नसून त्याच्या रबरी माउंटिंगांत असतो.

आतां क्लच. अडखळणारें इंजिन चढावर बंद पडेल या भीतीनें चालक ॲक्सिलरेटर दाबून धरतो, क्लच अर्धवट सोडतो आणि मोटार पुढें सरकवतो. रविवारीं सायंकाळीं खंडाळ्यापाशीं वाहनांची रांग लागली म्हणजे हेंच शंभर वेळां घडतें. प्रत्येक वेळीं प्लेट घसरते, तापते व झिजते. करपल्याचा वास येतो तो तिचाच. दोष इंजिनाचा, शिक्षा क्लचला!

क्लच खरोखर गेला आहे कीं नाहीं, हें ओळखणें कठीण नाहीं. वर्दळ नसलेल्या सौम्य चढावर वरच्या गिअरांत असतां ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज वाढला पण मोटारीचा वेग वाढला नाहीं, तर प्लेट घसरते आहे. मात्र पेडलला थोडी मोकळी चाल आहे ना, हें आधीं पाहावें; केबल अति ताणलेली असली तर चांगला क्लचही घसरतो. मोटार उचलतांना गदगदली, तर कारण नेहमीं झीजच असतें असें नाहीं. सैल माउंटिंग किंवा प्लेटीवर गळलेलें ऑइल हेंही असूं शकतें. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग संशयित. रिव्हर्स पडतांना करकर होत असेल, तर क्लच पुरता सुटत नसावा.

क्लच बदलावयास गिअरबॉक्स खालीं उतरवावा लागतो. मजुरी मोठी, ती त्याचीच. म्हणून एकदां उतरविला कीं प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग एकत्रच बदलावीं आणि मागील ऑइल सील तपासावें. त्याआधीं मात्र इंजिनाची थरथर दूर करवून घ्यावी. हा क्रम उलटविला तर पैसा दोनदां जातो.

शेवटीं एक गोष्ट पैशाहून मोलाची. घाट उतरतांना क्लच दाबून किंवा गिअर काढून मोटार सोडूं नये. इंजिनाचा आधार सुटला कीं सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि नेमके वळणावर दगा देतात. ज्या गिअरांत चढावें त्याच गिअरांत उतरावें, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. रांगेंत थांबतांना हँडब्रेक ओढावा आणि पाय क्लचवरून काढून घ्यावा. मोटारींत आपलीं मुलेंमाणसें बसलेलीं असतात. इंजिनाची कुरकुर घरूनच ऐकून निघालेला मनुष्य त्यांना घाटांत संकटांत टाकीत नाहीं.