राजीनाम्याचे दार



कार्यक्रमपत्रिकेवर ‘तंत्रज्ञानाचा व्यापार आणि सामान्य ग्राहक’ असा भारदस्त विषय छापला गेला असला, तरी ज्याची उभी हयात महसूल खात्याची दप्तरे सांभाळण्यात गेली त्याच्याकडून तंत्रज्ञानाची मीमांसा होईल, अशी अपेक्षा संयोजकांनीही केली नसावी. (हशा) मोबाइल, ॲप, खात्यातून आपोआप कापले जाणारे हप्ते हे सारे आपणांस विदित आहेच. त्यात मी वेळ दवडीत नाही. माझा सिद्धांत एवढाच, की सावकार असो, सरकार असो वा कंपनी असो, तिची नियत कबुलायत लिहून घेताना कळत नाही. ती राजीनामा स्वीकारताना कळते.

२०२३ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनविरुद्ध जी फिर्याद गुदरली, तिच्यात असे नमूद होते, की ‘प्राइम’चे वर्गणीदार होण्यास एकदोन टिचक्या पुरत, परंतु तीच वर्गणी बंद करू पाहणाऱ्यास चार पाने, सहा टिचक्या आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत, आणि या वाटेला खुद्द कंपनीत नाव काय होते, तर ‘इलियड’! होमरचे ते महाकाव्य संपते तरी ट्रॉय काही पडत नाही, हे ठाऊक असूनच कोणी नाव ठेवले असेल, तर त्याच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे. (हशा) २०२५ च्या सप्टेंबरात २.५ अब्ज डॉलरांवर तडजोड झाली, त्यांपैकी १.५ अब्ज ग्राहकांना परत करावयाचे ठरले. आपण कायद्याला धरूनच वागलो, हे कंपनीचे म्हणणे मात्र कायम राहिले.

यात कोणी दुष्ट असावाच लागतो असे नाही. ज्या कारागिराचे कसब, दारापाशी आलेले किती जण मागे फिरले यावर जोखले जाते, तो उंबरठा दरसाल बोटभर उंच करणारच. आणि विसराळू माणसाचे मौन ही जेथे संमती धरली जाते, तेथे विसर हेच उत्पन्नाचे साधन होऊन बसते. गेल्या श्रावणात नातवाने मला एका संगीताच्या ॲपचे वर्गणीदार केले. सोडू गेलो, तर ‘राहतो’ हे बटण केशरी, ठसठशीत. आणि त्याखाली करड्यावर करड्या अक्षरांत, चाळिशी लावूनही जेमतेम दिसणारे: ‘नको, मला सुरांची आवड नाही’. नाट्यसंगीतावर वाढलेल्या माणसाने ही कबुली कोणत्या तोंडाने द्यावी? (हशा) ग्राहकाला भुलवणाऱ्या अशा रचनांविषयीच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या आपल्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत असे ओशाळवाणे करणे हा तेरा निषिद्ध प्रकारांपैकी एक गणला आहे; उरलेल्या बारांकडे मी येतोच.

तत्पूर्वी एक आठवण. मी उमेदवार कारकून असताना १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा अजून हयात होता, आणि त्यान्वये खातेदारास लेखी अर्ज देऊन जमीन सोडता येई. एक म्हातारे खातेदार भर उन्हात अर्ज घेऊन आले. डोंगरउताराची, खडकाळ जमीन. सारा निघत नव्हता. आमचे अव्वल कारकून मायेचे, त्यांनी विचारले, ‘‘बाबा, का सोडता?’’ पाणी दिले, पुन्हा विचारले. मुलगा काय करतो, विहीर खणून पाहिली का, यंदाचा पाऊस बरा म्हणतात... म्हातारेबुवा टोपी हातात घेऊन उभेच. तिसऱ्यांदा विचारताच आतून मामलेदारसाहेबांचा आवाज आला: ‘‘भाऊसाहेब, एकदा विचारलंत ती माणुसकी झाली. आता शिक्का मारा.’’

(श्रोत्यांतून: ‘‘कचेरीत एका खेपेत काम झालेलं आम्ही नाही पाहिलं!’’ प्रचंड हशा.)

मान्य, मान्य! खेपा मीही घालायला लावल्या आहेत. परंतु महाशय, आमची दिरंगाई आळसाची होती, तिचा कोणी आराखडा काढला नव्हता, आणि तिच्यावर कोणाला बढती मिळत नव्हती. निदान... बरे, तेवढ्यावर भागवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दुसरी म्हणतात. तेव्हा ते बारा प्रकार राहिले. सभा आटोपल्यावर एखाद्या तरुण श्रोत्याने मला गाठावे, ही विनंती. ॲप या खिशातल्या फोनवरच आहे, आणि बुधवारी पुढचा हप्ता कापला जायचा आहे.