भामरागडचा पूर आणि हानीचा हिशेब



गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड हे छोटे डोंगराळ गाव पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमाजवळ वसले आहे. इंद्रावती फुगली की उपनद्यांचे पाणी मागे रेटले जाते व बाजारपेठेत शिरते. २०१९ च्या पावसाळ्यात हे वारंवार घडले. २०२२ मध्येही घडले. पर्लकोट्यावरील जुना ठेंगणा पूल पाण्याखाली गेला की आलापल्लीचा रस्ता तुटे.

या हानीचा हिशेब कसा मांडला जातो, हे पाहणे अगत्याचे आहे. शासकीय पंचनामा मुख्यतः मालमत्ता मोजतो: पडलेले घर, वाहून गेलेले जनावर, खरडलेली जमीन. ज्या माडिया कुटुंबाच्या नावे मालमत्ताच अल्प, त्याची बुडालेली मजुरी, न पोचलेले रेशन, वाटेत अडलेली बाळंतीण यांना त्यात रकाना नाही. परिणामी, जो अधिक दरिद्री, त्याची हानी कागदावर कमी भरते.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा आराखडा बंधनकारक केला आहे. मृगापूर्वीच धान्य, औषधे व नाव गावात पोचली काय, हा प्रश्न ग्रामसभेत विचारणे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेणे, हे कार्यकर्त्यांचे पहिले काम होय.