पट पडतो की पाडला जातो?

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शाळा बंद करण्याची गोष्ट निघाली की पहिले वाक्य आपल्या कानी पडते ते हे : "पट नाही, मग शाळा कशाला?" हे वाक्य ऐकावयास इतके सरळ वाटते की त्याला उत्तर देण्याचे कोणास सुचत नाही. मुलेच नसतील तर शिक्षकाने कोणास शिकवावे, आणि पैसा तरी कशावर खर्चावा? परंतु पट हा पावसासारखा आकाशातून पडत नसतो. तो कोणामुळे पडला, पडल्यावर पैसा कोठे गेला, आणि त्याचा दंड कोणी भरला, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून त्या वाक्यापुढे मान तुकविणे म्हणजे आपल्या मुलांचा हक्क आपल्याच हाताने लिहून देणे होय.

हे तीन प्रश्न मी आज अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या सार्वजनिक शाळांविषयी विचारणार आहे. इतक्या दूर कशाला जावयाचे, असे आपण म्हणाल. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डु बॉइस यांस पत्र लिहून, अस्पृश्यांच्या व अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीत एवढे साम्य आहे की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास आपणांस आवश्यकच आहे, असे कळविले. तो अभ्यास आपण पुढे चालविला पाहिजे.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घ्या. अमेरिकेत सार्वजनिक शाळा चालविण्याचे काम स्थानिक शाळा-मंडळाकडे असते. प्रत्येक मंडळाची हद्द ठरलेली, आणि पूर्वी प्रत्येकाचा मुख्य पैसा त्या हद्दीतील घरे, जमिनी व कारखाने यांवरील करातून येत असे. अर्थात जेथे श्रीमंतांची घरे तेथे श्रीमंत शाळा, आणि जेथे गरिबांची घरे तेथे गरीब शाळा, हे हद्द आखतानाच ठरून जाई.

डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. १९५० साली त्याची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती. १९६६ साली तेथील सार्वजनिक शाळांचा पट जवळजवळ तीन लाखांवर पोहोचला. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ६ लाख ३९ हजार भरली, आणि शाळांचा पट २०१६ च्या सुमारास पन्नास हजारांच्याही खाली गेला होता. लोक ही घट सांगून थांबतात. आपण तेथून आरंभ करावयाचा आहे.

त्या शहराच्या उत्तर भागात एक भिंत आजही उभी आहे. उंची सुमारे सहा फूट, लांबी सुमारे अर्धा मैल. १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाने ती बांधली. कारण असे की, त्याला गोऱ्यांसाठी घरे बांधावयाची होती, परंतु शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळे सरकारी खाते त्या कर्जांना हमी देईना. भिंत उभी राहिली आणि हमी मिळाली. गावकुसाची भिंत काय असते हे आपणांस कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. तेथे त्या भिंतीवर सरकारी कर्जाची मोहोर उमटली, एवढाच फरक. पुढे गोरी कुटुंबे सरकारी हमीच्या कर्जावर शहराबाहेरील नव्या उपनगरांत गेली. कृष्णवर्णीयांना ते कर्जही नाकारले जाई आणि ती घरेही. कारखाने गेले, घरे गेली, त्यांच्यामागोमाग करही गेला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. पट धोरणाने पडला.

मग न्यायालयात काय झाले? १९५४ साली वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या होत्या. डेट्रॉइटमध्ये तोवर शहरातील बहुतेक मुले कृष्णवर्णीय आणि उपनगरांतील बहुतेक गोरी, अशी विभागणी झाली होती. तेव्हा तेथील एका न्यायाधीशाने शहर व भोवतालची ५३ मंडळे एकत्र धरून मुलांची वाटणी करावी असे ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली पाच विरुद्ध चार मतांनी ती योजना मोडून काढली. उपनगरांनी स्वतः भेद केल्याचे सिद्ध झालेले नाही, तेव्हा त्यांची हद्द ओलांडता येणार नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. १९५४ चा खटला वकील म्हणून जिंकणारे थर्गुड मार्शल त्या वेळी त्याच न्यायासनावर होते. त्यांनी विरुद्ध मत नोंदविले. भेद करणारे हद्दीपलीकडे गेले की हद्दच त्यांचे संरक्षण करू लागते, ही गोष्ट या निकालाने पक्की केली.

आता पैशाचा प्रश्न. १९९४ साली मिशिगन राज्याने शाळांच्या चालू खर्चाचा भार मालमत्ता-करावरून काढून मुख्यतः राज्याच्या तिजोरीवर घेतला आणि दर मुलामागे रक्कम देण्याची पद्धत सुरू केली. ऐकावयास हा न्याय वाटतो. परंतु त्याच सुमारास खासगी व्यवस्थापनाच्या, पण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांना मुभा मिळाली, आणि शेजारच्या मंडळात मूल घालण्याचीही सोय झाली. मूल गेले की त्याच्यामागचा पैसा त्याच्याबरोबर गेला. आता हिशेब करा. तीस मुलांच्या वर्गातून चार मुले गेली, तर चार मुलांची रक्कम जाते. परंतु त्या वर्गाचे छप्पर, हिवाळ्यातील ऊब आणि शिक्षकाचे वेतन चार मुलांनी कमी होत नाही. तूट पडते. तूट भरून काढण्यासाठी शिक्षक कमी करतात, तेव्हा वर्ग फुगतो. वर्ग फुगला की आणखी आईबाप मूल काढून नेतात. हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे शाळा बुडविण्यासाठी कोणा शत्रूची गरज राहत नाही.

१९९९ साली राज्याने डेट्रॉइटच्या निवडून आलेल्या मंडळाचा अधिकार काढून घेतला. लक्षात ठेवा, त्या वेळी मंडळाच्या खात्यात तूट नव्हती, शिल्लक होती. मध्यंतरी काही वर्षे मंडळ परत आले. पुन्हा २००९ पासून राज्याने नेमलेले अधिकारी एकामागून एक बसले. २००० ते २०१५ या काळात दीडशेहून अधिक शाळा बंद झाल्या. २०११ साली शिक्षकांच्या वेतनात दहा टक्के कपात लादण्यात आली. ज्या नागरिकांची मुले त्या शाळांत होती त्यांच्या मताला या काळात किंमत राहिली नाही. अखेर २०१६ साली राज्याला ६१ कोटी ७० लाख डॉलरची तरतूद करून नवे मंडळ उभे करावे लागले, आणि जुने मंडळ केवळ कर्ज फेडण्यापुरते उरले.

दंड कोणी भरला? मुलांनी आणि शिक्षकांनी. जानेवारी २०१६ मध्ये शेकडो शिक्षक एकाच दिवशी आजारीपणाची रजा टाकून घरी राहिले आणि बहुसंख्य शाळा बंद पडल्या, कारण त्या राज्यात सार्वजनिक शिक्षकांस संपाचा हक्क नाही. बुरशी धरलेल्या भिंती, उंदीर आणि गारठलेले वर्ग जगाला दाखविण्याचा दुसरा मार्ग त्यांना उरला नव्हता. २०१८ साली शिसे व तांबे आढळल्यामुळे मंडळाच्या सर्व शाळांतील पिण्याच्या पाण्याचे नळ बंद करावे लागले. आणि एका खटल्याच्या कागदांत अशी हकीकत नमूद आहे की, एका शाळेत गणिताला शिक्षक नसल्यामुळे आठवीतील एका मुलानेच सातवी-आठवीच्या वर्गांना महिनाभर गणित शिकविले. त्या मुलाचे कौतुक करावयास कोणीही पुढे येईल. पण त्या महिन्यात त्याला कोणी शिकविले?

तो खटला मुलांनी २०१६ साली राज्याविरुद्ध लावला. त्यांचे मागणे एवढेच होते की, आम्हांस वाचता येईल इतके तरी शिक्षण द्या. पण अमेरिकेच्या संघराज्य घटनेत शिक्षणाचा हक्क लिहिलेला नाही, आणि तो मूलभूत हक्क नाही असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच म्हटले होते. तरी एप्रिल २०२० मध्ये अपील न्यायालयाच्या तीनपैकी दोन न्यायाधीशांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. मे महिन्यात तडजोड झाली, आणि त्याच महिन्यात संपूर्ण न्यायालयाने तो निकाल मागे घेतला. तडजोडीतील ९ कोटी ४४ लाख डॉलर राज्याच्या अंदाजपत्रकात यावयास २०२३ साल उजाडले. पैसा मिळाला, हक्क मिळाला नाही.

बंधु-भगिनींनो, आपल्याजवळ तो हक्क आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले, आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आहे. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, आणि मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक जागा रिकाम्या ठेवावयाच्या नाहीत, असे तो कायदा सांगतो. असे असूनही मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत २००९-१० च्या सुमारास चार लाखांहून अधिक असलेली मुले दहा वर्षांत तीन लाखांच्या आसपास आली. आपल्या राज्यातही शिक्षकांची पदे पटावरून ठरतात आणि संचमान्यतेत पद गेले की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. २०१७ साली कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला तो याच तर्काने. डेट्रॉइटमध्ये फिरलेले चक्र आपल्या दाराशीही फिरू शकते.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात सांगितले की, प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात. हा आकडा त्यांनी मुलांविरुद्ध वापरला नाही. तो त्यांनी सरकारच्या तिजोरीविरुद्ध वापरला आणि अधिक खर्चाची मागणी केली. आकडा कोणाच्या बाजूने उभा करावयाचा, हे त्यांनी आपणांस शिकविले आहे.

म्हणून आपणांपैकी ज्यांची मुले सरकारी वा पालिकेच्या शाळेत आहेत, त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन बसावे. तिच्या सभासदांत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, व दुर्बल घटकांच्या मुलांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असे कायद्यातच आहे. मंजूर पदे किती, भरलेली किती, पाच वर्षांत पट किती होता आणि मुले कोठे गेली, हे चार आकडे लिहून मागा. ज्यांची मुले अन्य शाळांत गेली आहेत त्यांनीही मागावेत, कारण ती शाळा आपल्या शेजाऱ्याच्या मुलाची आहे. आणि पुढच्या वेळी कोणी "पट नाही" असे म्हणेल, तेव्हा त्यास शांतपणे विचारा : पट पडला, की पाडलात?